समान वेतनाचा कायदा आणि कामाची असमान वाटणी : झाशी जिल्ह्याच्या निमित्ताने

झाशी : स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान मोबदला देण्याचे कायदेशीर बंधन भारतात २६ सप्टेंबर १९७५ रोजी वटहुकमाद्वारे आले आणि १९७६ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी वेतन संहिता लागू झाली आणि तो कायदा संहितेत सामावला गेला. या अर्धशतकात उघड भेदभावाला कायद्याच्या चौकटीत जागा उरलेली नाही. तरीही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक वेतन अहवालानुसार स्त्री-पुरुषांच्या सरासरी मजुरीतील तफावत १९९३-९४ मध्ये ४८ टक्के होती आणि २०११-१२ मध्येही ती ३४ टक्के होती. तफावत घटली, पण मिटली नाही.

याचे एक प्रमुख कारण कायद्याच्या रचनेतच आहे. कायदा एकाच मालकाकडे एकसारखे काम करणाऱ्या दोघांची तुलना करतो. प्रत्यक्षात मात्र श्रमाच्या बाजारात स्त्री आणि पुरुष एकसारखे काम करताना कमी आढळतात. कामेच वेगळी वाटली जातात, त्यांची नावे वेगळी असतात आणि दरही वेगळे ठरतात. काही ठिकाणी तर स्त्रीच्या श्रमाची मजुरी तिच्या नावावर नोंदलीच जात नाही. वेतनातील तफावतीवरील धोरणात्मक चर्चा त्यामुळे ‘समान काम’ या शब्दांपाशी थांबू शकत नाही.

मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतामुळे. आजचा झाशी जिल्हा हा उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडाचा, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २० लाख लोकसंख्येचा भाग आहे. रेल्वे आणि सार्वजनिक उद्योगातील पगारी नोकरी, कोरडवाहू शेती, माग, घरबसल्या होणारे नगावरचे काम, सरकारी योजनांतील मानधन आणि पोटासाठी होणारे स्थलांतर असे रोजगाराचे बहुतेक सर्व प्रकार येथे एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात. तफावत नेमकी कोठे निर्माण होते, हे समजून घेण्यासाठी म्हणूनच हा जिल्हा उपयोगी ठरतो.

तफावत कशी मोजतात

स्त्री-पुरुषांच्या सरासरी कमाईतील फरक पुरुषांच्या सरासरी कमाईच्या टक्केवारीत मांडला, की वेतनातील तफावत मिळते. हा आकडा सरळ दिसत असला तरी त्यात अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. मासिक कमाईची तुलना केली तर स्त्रियांचे पगारी कामाचे तास कमी असल्यामुळे तफावत मोठी दिसते. तासागणिक मोबदल्याची तुलना केली तर ती लहान होते.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड ओहाका आणि अ‍ॅलन ब्लाइंडर यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. शिक्षण, अनुभव, व्यवसाय, उद्योग अशा घटकांमुळे किती फरक पडतो, हे या पद्धतीत वेगळे काढले जाते. उरतो तो ‘अस्पष्टीकृत’ भाग.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या तालुक्यात पुरुषाची सरासरी रोजंदारी ४०० रुपये आणि स्त्रीची ३०० रुपये आहे, असे समजू. तफावत २५ टक्के झाली. या १०० रुपयांपैकी ७० रुपयांचा फरक स्त्रिया कमी दराच्या कामांत एकवटल्यामुळे पडत असेल आणि ३० रुपयांचा फरक एकाच कामाला वेगळा दर दिल्यामुळे पडत असेल, तर समान वेतनाचा कायदा केवळ या ३० रुपयांना हात घालतो. उरलेले ७० रुपये आकडेशास्त्राच्या भाषेत ‘स्पष्ट’ झालेले असतात. परंतु स्पष्टीकरण मिळाले म्हणजे तो फरक न्याय्य ठरला, असे नव्हे. स्त्रिया त्याच कामांत का एकवटल्या, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचप्रमाणे अस्पष्टीकृत भाग सर्वस्वी भेदभावाचाच असतो असेही म्हणता येत नाही; ज्यांची नोंद सर्वेक्षणात झालेली नाही असे घटकही त्यात असू शकतात.

दुसरी एक खबरदारी आवश्यक आहे. तफावत लहान असणे हे नेहमीच चांगले लक्षण नसते. इटलीत वेतनातील तफावत युरोपातील अनेक देशांपेक्षा कमी दिसते. पण तेथे स्त्रियांचे नोकरीतील प्रमाणही कमी आहे. कमी वेतनावर काम करावे लागले असते अशा अनेक स्त्रिया नोकरीतच नसल्याने सरासरी वर सरकते. म्हणून वेतनाचा आकडा रोजगारातील सहभागाच्या आकड्यासोबतच वाचावा लागतो.

भारतात हा सहभाग अलीकडे झपाट्याने बदलला आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग दर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर पोहोचला. पुरुषांचा दर त्या वर्षी ७८.८ टक्के होता. मात्र काम करणाऱ्या स्त्रियांपैकी स्वयंरोजगारात असलेल्यांचे प्रमाण याच काळात ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेले, तर नियमित पगारी नोकरीतील प्रमाण २१ वरून १५.९ टक्क्यांवर आले. म्हणजे कामावरील स्त्रियांची संख्या वाढली; पगारपत्रकावरील त्यांचा वाटा घटला.

एका जिल्ह्यातील अनेक पायऱ्या

झाशीतील रोजगाराच्या वरच्या पायरीवर सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील नोकऱ्या आहेत. रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना १८९५ पासूनचा. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स अर्थात ‘भेल’चा ट्रान्सफॉर्मर निर्मितीचा कारखाना १९७४ मधील पायाभरणीनंतर उभा राहिला. या ठिकाणी वेतनश्रेणी पदाला जोडलेली असते, व्यक्तीला नव्हे. एकाच पदावरील स्त्री व पुरुष यांच्या मूळ वेतनात फरक असण्याचे कारण नाही. तरीही सरासरी कमाईत अंतर पडू शकते, कारण कोण कोणत्या पदावर आहे यावर ते अवलंबून असते. रेल्वेत गाडीवर प्रत्यक्ष चालणाऱ्या कर्मचाऱ्यांना धावत्या अंतरानुसार भत्ता मिळतो. लोको पायलटच्या कामात स्त्रिया आजही अल्पसंख्य आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या, तेव्हा ती देशातील पहिलीच घटना होती.

शेतीत चित्र वेगळे आहे. जिल्ह्यात भुईमूग, तीळ, गहू, हरभरा, वाटाणा ही पिके घेतली जातात. ट्रॅक्टर, फवारणी, मळणीयंत्र ही कामे सामान्यतः पुरुषांकडे असतात. खुरपणी, शेंगा तोडणे, निवडणे-पाखडणे ही स्त्रियांकडे. केंद्रीय श्रम ब्यूरो ग्रामीण मजुरीचे दर कामनिहाय आणि स्त्री-पुरुषनिहाय प्रसिद्ध करते, आणि त्या तक्त्यांत ही विभागणी वर्षानुवर्षे दिसते. यंत्र येते तेव्हा ते बहुधा पुरुषाच्या हाती जाते आणि त्या कामाचा दर वाढतो. ज्या कामाला यंत्र मिळत नाही ते स्त्रीकडे राहते. खुरपणीत कौशल्य लागत नाही, असे गृहीत धरले जाते. पीक न दुखावता तण काढणे हे कसबाचे काम आहे. पण कसब म्हणून त्याची नोंद नसल्याने दरात ते उमटत नाही.

मऊरानीपूर परिसरातील रानीपूर हे टेरिकॉट कापडासाठी ओळखले जाणारे गाव. मागाच्या व्यवसायात विणकर म्हणून ज्याचे नाव लागते तो बहुधा पुरुष असतो. माग सुरू होण्याआधीची सूत उकलण्याची, कांड्या भरण्याची कामे घरातील स्त्रिया करतात. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागांशी परिचित असलेल्या वाचकाला ही वाटणी नवी वाटणार नाही. तेथेही कांडी भरण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असते. वेगळ्या नावाचे काम, वेगळा दर. ‘एकसारखे काम’ सिद्ध करण्यासाठी तुलनेला पुरुष कांडीकामगारच नसतो.

उत्तर प्रदेश सरकारच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत झाशीचे उत्पादन म्हणून मऊ खेळण्यांची निवड झाली आहे. शिवणकाम, भरण, टाके अशी अनेक कामे घरच्या घरी आणि नगावर होऊ शकतात. विडी वळण्याच्या कामातही, मग ते बुंदेलखंडात असो वा सोलापुरात, मोबदला हजार विड्यांच्या हिशेबाने ठरतो. अशा ठिकाणी दर कागदोपत्री लिंगनिरपेक्ष असतो. पण हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियाच करत असल्याने दर कमी असला तरी त्याला भेदभाव म्हणता येत नाही, आणि मालक, ठेकेदार, मध्यस्थ अशी साखळी असल्याने जबाबदार कोण हेही ठरवणे अवघड जाते.

मजुरी आहे, पण नाव नाही

काही व्यवसायांत तफावत मोजताच येत नाही. बुंदेलखंडातून दरवर्षी अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे कच्च्या विटा पाडणाऱ्यांची मजुरी हजार विटांमागे ठरते आणि काम पूर्ण कुटुंब करते. माती कालवणे, गोळे करणे, विटा पाडणे, त्या सुकवणे या साखळीत स्त्रीचा हात प्रत्येक टप्प्यावर असतो. आगाऊ रक्कम आणि हंगामाअखेरचा हिशेब मात्र सहसा कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावे होतो.

मराठवाड्यातील ऊसतोडीची पद्धत याच जातीची आहे. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मजुरी टनावर ठरते आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीची. स्त्रीने तोडलेल्या, बांधलेल्या आणि वाहिलेल्या उसाचे वेगळे मोजमाप नसते. अशा स्त्रीला कमी मजुरी मिळते असेही म्हणता येत नाही, कारण तिच्या वाट्याची मजुरी किती, हे कोठेही लिहिलेले नसते.

घरच्या शेतीत किंवा दुकानात राबणाऱ्या स्त्रियांची गणना श्रमबल सर्वेक्षणात ‘घरगुती व्यवसायातील मदतनीस’ या गटात होते. त्यांना मोबदला मिळत नाही. देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया या गटात आहेत. कमाईची सरासरी काढताना त्यांचा विचारच होत नाही. शून्य कमाई असणारा हा मोठा गट तफावतीच्या आकड्याबाहेर राहतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत स्त्रियांच्या नावे असलेल्या वहिती खात्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शेतावर राबणारे हात आणि खात्यावरील नाव यांतील अंतर त्यावरून लक्षात येते.

या पार्श्वभूमीवर झाशीत मुख्यालय असलेल्या ‘बालिनी’ दूध उत्पादक कंपनीचा प्रयोग लक्षणीय आहे. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पाठबळावर २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या या कंपनीच्या सभासद स्त्रिया आहेत. दुधाचे मोजमाप होते, प्रत तपासली जाते आणि रक्कम सभासद स्त्रीच्या बँक खात्यात जमा होते. चारा-पाणी, धार, शेण हे काम पूर्वीही स्त्रियाच करत होत्या. फरक पडला तो हिशेब कोणाच्या नावे होतो यात.

कायद्याचा प्रवास

समान वेतनाची कल्पना भारतात १९७५ मध्ये अवतरली असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. युद्धकाळात कोळसा खाणींत भूमिगत कामावर स्त्रियांना घेण्यावरील बंदी उठवण्यात आली, तेव्हा त्यावर टीका झाली. १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयाविषयी बोलताना, खाणीतील स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व येथे लागू करण्यात आले आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(घ) ने समान कामासाठी समान वेतन हे राज्यधोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरवले. भारताने १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या शंभराव्या करारास मान्यता दिली. या करारातील शब्द ‘समान काम’ असे नसून ‘समान मूल्याचे काम’ असे आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे. कामे वेगळी असली तरी त्यांना लागणारे कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि परिस्थिती यांचे मूल्य समान असेल, तर मोबदलाही समान असावा, अशी त्या कराराची भूमिका आहे. १९७६ च्या कायद्याने मात्र ‘समान किंवा समान स्वरूपाचे काम’ ही मर्यादित कसोटी स्वीकारली.

या कसोटीचा अर्थ लावणारा महत्त्वाचा निवाडा मुंबईतील एका खटल्यातून आला. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या प्रकरणात स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन दिले जात होते. स्त्री लघुलेखक वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या असल्याने त्यांचे काम वेगळे आहे, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९८७ रोजी तो फेटाळला. कामाचे स्वरूप ठरवताना व्यापक दृष्टी ठेवावी, किरकोळ फरकांना महत्त्व देऊ नये आणि समान वेतन देण्याची आर्थिक ऐपत नाही हे कारण चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

वेतन संहितेने समान किंवा समान स्वरूपाचे काम हीच कसोटी पुढे चालवली आहे. वेतनात आणि त्याच स्वरूपाच्या कामावर भरती करताना लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. समानता आणण्यासाठी कोणाचेही वेतन कमी करता येत नाही. दावा दाखल करण्यास तीन वर्षांची मुदत आहे आणि वेतन पूर्ण दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. किमान वेतनाविषयी सल्ला देणाऱ्या मंडळांत एक तृतीयांश सदस्य स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. तथापि तुलना अजूनही एकाच आस्थापनेपुरती, एकाच मालकापुरती आहे. कांडी भरणाऱ्या, नगावर शिवणाऱ्या किंवा हंगामी खुरपणीला जाणाऱ्या स्त्रीला या तरतुदीचा आधार क्वचितच घेता येईल.

समान दराचा अनुभव

दर जाहीर आणि एकच असला, तर काय घडते, याचा अनुभव देशाला रोजगार हमीतून मिळाला. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. कामाचा दर मोजमापावर होता. स्त्री-पुरुष भेद त्यात नव्हता. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने किमान एक तृतीयांश लाभार्थी स्त्रिया असाव्यात आणि मजुरीत भेदभाव नसावा, असे ठरवले. २०२५-२६ साठी अधिसूचित दर उत्तर प्रदेशात दिवसाला २५२ रुपये, तर महाराष्ट्रात ३१२ रुपये होता; दोन्ही राज्यांत तो स्त्री-पुरुषांना सारखाच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला.

देशपातळीवर या कामांवरील मनुष्यदिवसांत स्त्रियांचा वाटा निम्म्याहून अधिक राहिला. उत्तर प्रदेशात मात्र तो राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी होता. क्लेमां आँबेर आणि जॉन पॅप यांच्या २०१५ च्या अभ्यासासह अनेक अभ्यासांत असे आढळले, की या योजनेमुळे खासगी कामावरील रोजंदारीचे दरही वाढले. गावात पर्यायी काम उपलब्ध असेल तर शेतमालकाशी दराविषयी बोलण्याची मजुराची क्षमता वाढते, हे त्यामागील कारण आहे. समान दराच्या कामाचे दिवस जेथे कमी, तेथे हा परिणामही क्षीण होतो.

मातृत्वाचा खर्च कोणाचा

वेतनातील तफावतीच्या अभ्यासासाठी क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या माहितीवरून त्यांनी दाखवले, की आधुनिक काळात स्त्री-पुरुषांच्या कमाईतील अंतर मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर रुंदावते. जी नोकरी माणसाला कोणत्याही वेळी हाताशी मागते ती अधिक पगार देते, आणि घरात लहान मूल असताना अशी नोकरी दोघांपैकी एकालाच करता येते. ती संधी बहुधा पित्याला मिळते.

भारतात घरकामाची वाटणी आणखी विषम आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. पाण्याची टंचाई असलेल्या बुंदेलखंडात पाणी भरणे हेही स्त्रीच्याच वेळेतून वजा होते. कामाचे ठिकाण घराजवळ हवे, तास लवचीक हवेत, ही अट मग स्त्रीच्या बाजूने येते आणि दर कमी करण्याचे कारण मालकाला मिळते.

मातृत्वाचा आर्थिक भार कोणी उचलावा, हा वाद मराठी मुलखात जवळपास शंभर वर्षे जुना आहे. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९ मध्ये आला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकर यांनी, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे असल्याने हा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, असे प्रतिपादन केले होते. कायद्यात मात्र भार मालकावर राहिला.

२०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या, म्हणजे सर्वसाधारणपणे दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांचा रजेतील लाभ विम्यातून मिळतो. इतरांचा खर्च मालक करतो. त्यामुळे तरुण स्त्रीला नोकरी देणे महाग पडते, अशी भावना निर्माण होण्याचा धोका अर्थतज्ज्ञ दाखवतात. हा खर्च एकट्या मालकावर नसावा, तो सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० चा मातृत्व संरक्षण करार सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. असंघटित क्षेत्रातील मातेला पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात. सहा महिन्यांचे पूर्ण वेतन आणि ५,००० रुपये यांतील अंतर हीदेखील स्त्रियांमधीलच एक दरी आहे.

वेतन की मानधन

कामाला दिलेले नाव मोबदला कसे ठरवते, याचे ठळक उदाहरण सरकारी योजनांतच आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या या जवळजवळ सर्व स्त्रिया. त्यांना वेतन नव्हे तर मानधन किंवा कामानुसार प्रोत्साहन भत्ता मिळतो, कारण त्यांची गणना कर्मचारी म्हणून नव्हे तर स्वयंसेवक म्हणून होते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेले अंगणवाडी सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये आहे; राज्ये त्यात आपापली भर घालतात. या कार्यकर्त्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. सरकारांचा आक्षेप मुख्यतः खर्चाचा आहे. पण मॅकिनन मॅकेन्झी निकालात खासगी मालकाला ऐपतीचे कारण नाकारले गेले होते, याची आठवण कामगार संघटना करून देतात.

पारदर्शकतेचा मार्ग

कमी वेतन मिळते हे ठाऊकच नसेल, तर तक्रार करणार कोण? अनेक देशांनी त्यामुळे तक्रारीऐवजी प्रकटीकरणावर भर दिला. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना वेतनातील तफावत जाहीर करावी लागते. आइसलँडने २०१८ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर समान वेतनाचे प्रमाणपत्र घेण्याचे बंधन घातले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात कर्मचाऱ्याला समान मूल्याच्या कामाच्या सरासरी वेतनाची माहिती मागण्याचा हक्क आहे, आधीचा पगार विचारण्यास बंदी आहे, आणि पाच टक्के वा अधिक अंतराचे समर्थन करता आले नाही तर कामगार प्रतिनिधींसह वेतनाची फेरतपासणी करावी लागते. अंमलबजावणीसाठी सदस्य देशांना ७ जून २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली.

भारतात सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन जाहीर करावे लागते. ही चांगली सुरुवात असली तरी सूचिबद्ध कंपन्यांच्या पगारपत्रकावर असलेल्या स्त्रिया एकूण स्त्री कामगारांचा लहानसा अंश आहेत.

मतभेद कोठे आहेत

या विषयावरील चर्चेत दोन प्रमुख भूमिका आहेत. एका मतानुसार कठोर समान वेतन नियम आणि मालकावरील खर्च यांमुळे स्त्रियांना कामावर घेण्याची इच्छाच कमी होते. म्हणून भर कौशल्य, सुरक्षित वाहतूक, रात्रपाळीची मुभा आणि नोकऱ्यांची संख्या यांवर असावा. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत काम करण्यास घातलेले निर्बंध हे संरक्षणाने संधी कशी आकसते याचे उदाहरण म्हणून दिले जाते. उत्तर प्रदेशाने मे २०२२ मध्ये लेखी संमतीच्या अटीवर हे निर्बंध शिथिल केले आणि नव्या संहितेतही संमती व सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीला परवानगी आहे.

दुसऱ्या मतानुसार नोकऱ्या वाढल्या तरी त्या स्त्रियांच्या कमी दराच्या कामांतच वाढल्या, तर तफावत कायम राहते. त्यासाठी कामांचे मूल्यमापन, नगावरच्या दरांना किमान वेतनाशी जोडणे आणि पाळणाघरांवरील सार्वजनिक खर्च आवश्यक आहे. दोन्ही भूमिका परस्परांना पूर्णतः छेद देत नाहीत. मातृत्वाचा खर्च सामाजिक विम्याकडे वळवला तर मालकाचा आक्षेप कमी होतो आणि स्त्रीचे संरक्षणही टिकते, यावर दोन्ही बाजूंच्या अनेक अभ्यासकांचे एकमत होऊ शकते.

झाशी जिल्ह्यापुरता विचार केला, तर वेतन संहितेची परीक्षा रेल्वेच्या कारखान्यात होणार नाही. ती किमान वेतनाचे दर ठरवताना खुरपणी, कांडी, टाके आणि विडी या कामांना कोणत्या कौशल्यगटात धरले जाते, नगावरचा दर दिवसभराच्या किमान वेतनाइतका बसतो की नाही आणि वीटभट्टीवरील कुटुंबाच्या हिशेबात स्त्रीची स्वतंत्र नोंद होते की नाही, या तीन ठिकाणी होईल. दर ठरवण्याचे अधिकार मुख्यतः राज्य सरकारांकडे आहेत. त्यामुळे पुढील चर्चेचे केंद्र दिल्लीइतकेच लखनौ आणि मुंबई येथेही राहणार आहे.